गोंड्यात बी भरायचं तर बांधापासून सुरुवात करा

आमच्या रानात दरवर्षी आठ गुंठे डोंगळे असतात. शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते, डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. कांदाचाळीतले चांगले, एकसारखे, न कुजलेले कांदे निवडायचे, वरचा तिसरा हिस्सा कापायचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरीला लावायचे. जानेवारीत दांडे वर येतात, फेब्रुवारीत त्यांच्या टोकावर पांढरे गोंडे फुलतात आणि मार्च-एप्रिलला गोंड्यात काळंभोर बी दिसायला लागतं. आमच्या चांदवड तालुक्यात घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, असणं ही घरातल्या बाईची शान समजतात. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उळ्याचं गाठोडं कोठीच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवायच्या आणि किल्ली स्वतःच्या कमरेला.

२०२० सालच्या फेब्रुवारीत गोंडे ऐन फुलात होते. फुलकिडे दिसले. दुकानदाराने प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाची बाटली दिली, आणि मी मजूर मिळाला त्या वेळेला, म्हणजे सकाळी साडेदहाला, फवारून घेतलं. दुसऱ्या दिवशी रानात गेले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळेना. मग लक्षात आलं, आवाज नाही. डोंगळ्यात शिरलं की जो एक बारीक गुंजारव कानाला लागतो तो बंद झाला होता. सरीत वाकून पाहिलं तर मेलेल्या माश्या, काही पाय झाडत पडलेल्या.

गोंडे पुढे छान वाळले, दिसायला काही फरक नव्हता. मळले तेव्हा कळलं. एरवी चाळीस-पंचेचाळीस किलो बी निघतं, त्या वर्षी अकरा किलो निघालं. उरलेला सगळा कोंडा आणि पोचट. त्याच वर्षी पावसाने रोपं गेली, सगळीकडे उळ्याचा तुटवडा झाला आणि भाव किलोला काही हजारांवर गेले. आम्ही स्वतःच विकत घेतलं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "माशी मारली का गं?"

तेव्हापासून पाच-सहा वर्षं मी जे करत आले ते इथे लिहिते. डोंगळ्याचं निमित्त आहे, पण भोपळा, कारलं, तूर, सूर्यफूल, शेवगा, डाळिंब, काहीही असो, बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आधी हे समजून घ्या

एका गोंड्यात दोनशेपासून सहाशेपर्यंत फुलं असतात, आणि ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे उमलत राहतात. प्रत्येक फुलाचे परागकण आधी मोकळे होतात आणि त्याच फुलातलं स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतं. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग स्वतःच्या कामाचा नाही. दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून टाकला पाहिजे. नीट टाकला तर एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरतात. वाऱ्याने हे काम होत नाही, कांद्याचा पराग चिकट असतो. ते माशीनेच करायचं.

आता गंमत अशी की मोहळाच्या माशीला कांद्याचं फूल फारसं आवडत नाही. माझी धाकटी लेक कृषी पदवीला आहे, तिने सांगितलं की कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे त्याची चव माश्यांना रुचत नाही. जवळ मोहरी किंवा कोथिंबीर फुलली असेल तर त्या सरळ तिकडे जातात. म्हणून नुसत्या मधमाश्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. फुलोरी, आग्या, बारक्या हिरवट माश्या, पट्ट्यापट्ट्याच्या भिरभिऱ्या, भुंगे, अशी सगळी जत्रा लागते. आणि ही जत्रा भाड्याने मिळत नाही.

लोक विचारतात, मधमाश्यांच्या पेट्या का नाही ठेवत? ठेवाव्यात. मीही दोन वर्षं ठेवल्या. पण पेटी म्हणजे रोजंदारीचा मजूर, फुलोरा संपला की पुढच्या गावाला. एका जागी फार पेट्या झाल्या तर रानातल्या माश्यांच्या तोंडचा घास जातो, आणि पेटीतले रोग त्यांना लागण्याची भीती असते ती वेगळीच. सातेरी माशी पाळून महाबळेश्वरजवळच्या मांगरसारखं गाव २०२२ साली 'मधाचे गाव' झालं, त्याचं मला कौतुकच आहे. पण ते घाटमाथ्याचं जंगल. आमच्या सातमाळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याला आधी रानमाशीला धरून ठेवणं आलं.

दहा मिनिटं उभं राहायचं

पहिलं काम फुकटातलं आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, ऊन पडल्यावर, वारा नसताना एका जागी दहा मिनिटं उभं राहा. समोरचे दहा गोंडे धरा. कोण कोण येतं ते मोजा. मी वहीत पाच खाने केलेत:

फुलोरी: आग्यापेक्षा खूप लहान, पोटाला तांबूस आणि पांढरे पट्टे. हिचं मोहळ झुडपाच्या फांदीवर हातभर उंचीवर, तळहाताएवढं.

आग्या: मोठी, लांबट. एकटी फुलावर असते तेव्हा गरीब असते, पोळ्यावर असते तेव्हा नाही.

बारक्या: मुंगीएवढ्या काळ्या किंवा हिरवट चमकणाऱ्या. यातल्या बऱ्याच जमिनीत राहतात.

भिरभिरी: हवेत टांगल्यासारखी एका जागी थांबते, मग झटकन बाजूला. माशीसारखे मोठे डोळे, दोनच पंख. हिला डंख नसतो. लोक हिला गांधीलमाशी समजून मारतात. हिच्यातल्या कित्येक जातींच्या अळ्या मावा खातात, म्हणजे घरात बसून दोन कामं.

इतर: फुलपाखरं, भुंगे, साध्या माश्या, काहीही.

एवढ्याने काय होतं? तुमच्याकडे कोण आहे आणि कोण नाही हे कळतं. पहिल्या वर्षी माझ्या वहीत 'बारक्या'चा खाना जवळजवळ कोरा होता. त्यावरून मी बांधाकडे वळले.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. तीन गोंड्यांना, वरचा पातळ पापुद्रा फुटून फुलं उघडी पडायच्या आधीच, जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधा, तळाशी दोऱ्याने आवळा, मुंगीही जाता कामा नये. शेजारच्या तीन गोंड्यांना नुसता रंगीत दोरा बांधा. दोन्हींचं बी वेगळं मळा. माझ्या झाकलेल्या तिन्ही गोंड्यांतून चिमूटभर निघालं, उघड्यांतून वाटी भरायला आली. ती वाटी मी घरच्यांना दाखवली, त्यानंतर फवारणीवरून वाद झाला नाही.

फवारणी

फुलात असताना रासायनिक कीटकनाशक नाही. यावर मी तडजोड करत नाही. पण हे जमवायचं तर काम आधीपासून करावं लागतं. गोंड्यावरचा पातळ पापुद्रा फुटायच्या आधी रान नीट बघायचं, फुलकिडे असतील तर तेव्हाच बंदोबस्त करायचा. नत्र हात राखून द्यायचं. हिरवंगार, लुसलुशीत पीक म्हणजे किडीला आवतण.

ठिबकातून किंवा आळवणीतून, म्हणजे मुळाशी ओतून, देतात ती आंतरप्रवाही औषधं, इमिडाक्लोप्रिडसारखी, डोंगळ्याला मी देतच नाही. ती झाडाच्या अंगात भिनतात आणि पुढे फुलाच्या मकरंदात, परागात उतरतात. फवारा मारला नाही म्हणून माशी वाचली असं त्यात होत नाही.

दुसरी एक गैरसमजाची गोष्ट. बाटलीवर जो रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा, तो माणसाला किती विषारी ते सांगतो. हिरवा त्रिकोण बघून "हे माशीला चालतं" असं धरू नका. त्याचा माशीशी संबंध नाही. लेबलावर मधमाश्यांविषयी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. चष्मा लावून वाचा, दुकानातच वाचा.

अगदीच वेळ आली, किडीने दांडे पांढरे पडायला लागले, तर निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर. दिवसा नाही, पहाटेही नाही. पहाटेची ओल फुलावर राहते आणि माशी उठते ती त्याच फुलावर येते. आणखी एक बारकावा लेकीकडून कळला आणि मी तो स्वतः पाहिलाही: आग्या माशी चांदण्या रात्रीही चरायला निघते. त्यामुळे पौर्णिमेच्या आगेमागे आम्ही संध्याकाळचंही टाळतो. भुकटी धुरळायची तर मुळीच नाही. ती परागासारखीच माशीच्या अंगावरच्या केसांना चिकटते आणि ती बिचारी ती घरी नेते.

निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी चांगले. मी पण लावले होते, एका फुलोऱ्यात जवळ जाऊन पाहिलं तर पट्टीवर फुलकिड्यांबरोबर बारक्या माश्याही चिकटलेल्या. निळा रंग त्यांनाही ओढतो. तेव्हापासून पापुद्रा फुटला की सापळे काढून ठेवते. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून मुद्दाम लिहिते.

बांध

खरी गोम इथे आहे. डोंगळे फुलतात तीन आठवडे. उरलेले एकोणपन्नास आठवडे माशीने काय खायचं आणि कुठे राहायचं? बारक्या माश्या घरापासून दोन-तीनशे मीटरच्या पलीकडे फारशा जात नाहीत. म्हणजे त्यांचा संसार तुमच्या बांधावर नाही तर कुठेच नाही.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. उन्हाळ्यात बांध पेटवायचा, पावसाळ्यात तणनाशक मारायचं, आणि नांगर दरवर्षी वीतभर बांधात घालायचा. तिन्ही आम्ही करत होतो. तिन्ही बंद केले. नांगराचं बंद करताना शेजारच्या अण्णांशी बोलावं लागलं, कारण बांध दोघांचा. त्यांना वाटलं मी मोजणी आणते की काय!

बांध पेटवला की काय जळतं? वाळल्या काड्यांत घर केलेल्या माश्या, गवताच्या बुडाशी बसलेली फुलपाखरांची कोषावस्था, बांधाच्या कडेची फुलोरीची मोहळं. म्हणून आता विळ्याने कापतो, तेही एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू महिना-दीड महिन्याने. एका बाजूला कात्री लागली तर पाहुण्यांनी दुसऱ्या बाजूला बसावं एवढीच सोय. गाजरगवत मात्र फुलायच्या आधी उपटून टाका, त्याच्यावर दया नको.

तण म्हणून जे उपटतो त्यातलं बरंच ठेवण्यासारखं असतं. एकदांडी, ज्याला काही लोक कंबरमोडी म्हणतात, वर्षभर फुलत असते. काही नसेल तेव्हा हीच असते. रानतुळस, टाकळा, बांधावरची रुई (रुईच्या पानांवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात, त्या मारू नका, त्या तुमचं पीक खात नाहीत), खुळखुळा, हे राहू दे.

झाडांचा हिशेब मी महिन्यावार केला आहे. शेवगा हिवाळ्यापासून. जांभूळ मार्च-एप्रिल. कडुनिंब आणि करंज उन्हाळ्यात, जेव्हा रानात दुसरं काही नसतं. या दोघांना मी सगळ्यात वरचा मान देते. पावसाच्या तोंडाला चिंच. बाभूळ पावसाळ्यात, बोर पावसाळा सरता सरता. शिवाय पिकं: खरिपात तीळ, सूर्यफूल, तूर, हिरवळीच्या खतासाठी ताग. तागाच्या पिवळ्या फुलांवर काळे भुंगे बघत बसावं असं दृश्य असतं. ताग आम्ही पूर्वी फूल येण्याआधी गाडायचो, खताला तेच बरोबर आहे. आता बांधालगतच्या दोन ओळी सोडून देतो, फुलून जाऊ देतो.

कोथिंबीर आणि मोहरीचं तंत्र सांभाळून. पहिल्या वर्षी उत्साहात डोंगळ्याच्या चारी बाजूंनी मोहरी टाकली. दोन्ही एकदम फुललं आणि माश्या सगळ्या मोहरीवर. गोंडे नवरदेवाविना वऱ्हाडासारखे उभे. आता मोहरी अशी टाकते की डोंगळ्याआधी पंधरा दिवस फुलून संपत यावी. माश्या रानात जमलेल्या असतात आणि मोहरी संपली की कांद्यावर उतरतात. शेपू आणि बडीशेप नंतरसाठी. तारखा तुमच्या रानाप्रमाणे बदलतील, एक-दोन वर्षं चुकतील, चुकू द्या.

विहिरीजवळचं उंबर तोडायचं एकदा घाटत होतं, सावलीने पीक बसतं म्हणून. मी नाही म्हटलं. आपण म्हणतो उंबर फोडून केंबरं उडवू नयेत, पण ती केंबरंच उंबराची माशी. फळाच्या आत फुलं असतात आणि त्या बारक्या जिवाशिवाय उंबराला बी धरत नाही. हे कांद्याच्या कामाचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

घर

माश्या म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोळं येतं. पण बऱ्याच रानमाश्या एकेकट्या राहतात. कुणी जमिनीत भोक करते, कुणी पोकळ काडीत, कुणी भिंतीत, कुणी लाकडात.

जमिनीतलीसाठी बांधाच्या उंचवट्यावर, पाणी साचत नाही अशा ठिकाणी, सकाळचं ऊन येईल अशी दोन-तीन हात जागा उघडी ठेवा. गवत नको, पाचट नको, मल्चिंगचा कागद नको, पाट तिथून नको. काही महिन्यांनी पेन्सिलीच्या जाडीची भोकं दिसतील. मुंग्यांचीच आहेत असं समजून पावडर टाकू नका. पाच मिनिटं बसा, कोण आत जातंय ते दिसेल.

काडीवालीसाठी बोरू, एरंडाच्या वाळल्या काड्या, बारीक बांबू. वीतभराचे तुकडे करायचे, एका टोकाला पेर राहील असे, दुसरं टोक उघडं. भोकं वेगवेगळ्या जाडीची हवीत, काडेपेटीतल्या काडीपासून करंगळीपर्यंत. पंचवीस-तीस तुकड्यांची मोळी घट्ट बांधून गोठ्याच्या वळचणीला, पूर्वेकडे तोंड करून, पाऊस लागणार नाही अशी अडकवा. लोंबकळत ठेवू नका, वाऱ्याने हलली तर कुणी येत नाही. भोकाचं तोंड मातीने किंवा पानाच्या तुकड्यांनी बंद झालं की समजा भाडेकरू आला. दर वर्षी-दोन वर्षांनी, आतल्या माश्या बाहेर पडल्यावर, मोळी नवी करा, नाहीतर आत बुरशी आणि बारीक किडे होतात. आमच्या मोळीत निम्मी घरं कुंभारणींनी, म्हणजे मातीची घरं करणाऱ्या गांधीलमाश्यांनी, घेतली. त्याही राहू दे, अळ्या धरून नेतात.

गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाला कडेने कात्रीने कापल्यासारखे गोल अर्धचंद्र दिसले तर फवारणीला धावू नका. ते पान कापणारी माशी घर सजवायला नेते, आणि तीच तुरीच्या फुलावर काम करते.

भिंतीवालीचं मला जास्त वाईट वाटतं. आमचं जुनं घर मातीचं होतं, दक्षिणेच्या भिंतीत बारीक बारीक भोकं आणि त्यांतून निळ्या पट्ट्यांची माशी आत-बाहेर. २०१४ ला सिमेंटचं घर झालं, भोकं गेली. ही निळ्या पट्ट्यांची माशी आणि काळा भुंगा हे वांग्याचे खरे सोबती आहेत. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलात पराग नळीत बंद असतो, टोकाला बारीक छिद्र. ही माशी फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग मिठाच्या डबीतून पडावा तसा पडतो. मोहळाच्या माशीला हे येत नाही. वांग्याच्या रानात सकाळी मध्येच 'भूं' असा वेगळा, वरच्या पट्टीतला आवाज आला तर ते हेच. मी गोठ्यामागे चार फूट उंच मातीची एक जाड भिंत घातली आहे, माती-भुसा कालवून, बाकी काही नाही. पहिली दोन वर्षं तिच्यावर फक्त कोंबड्या बसल्या. तिसऱ्या वर्षी सहा भोकं मोजली.

भुंगे गोठ्याच्या वाशाला भोक पाडतात म्हणून लोक त्यात रॉकेलचा बोळा कोंबतात. त्यांना पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा वाळका ओंडका जवळच आडवा बांधून द्या, मऊ लाकूड दिसलं की सहसा तिकडे वळतात. वासा वाचतो.

आणि पाणी. उन्हाळ्यात पसरट टोपलं, त्यात गोटे, गोट्यांची पाठ पाण्याबाहेर. खोल बादलीत माश्या बुडतात. आम्ही ठिबकच्या एका नळीखाली गोणपाट पसरून ठेवतो, ते ओलं राहतं, तेच त्यांना सगळ्यात आवडतं.

मोहळ दिसलं तर

फुलोरीचं मोहळ बोराच्या, मेंदीच्या, डाळिंबाच्या फांदीवर हाताशी असतं, म्हणून तेच सगळ्यात जास्त मोडलं जातं. मध असतो तो वर, फांदीभोवतीच्या जाड भागात, खाली अंडी-पिलं. दोन चमचे मधासाठी लोक सगळंच कापून नेतात. फांदीवर दोन्ही बाजूंना चिकट डिंकाचं कडं दिसेल, मुंग्या येऊ नयेत म्हणून माश्यांनीच लावलेलं. त्याला हात लावू नका. डोंगळ्याच्या दिवसांत आमच्या कुंपणावर फुलोरीची चार-पाच मोहळं असतात, त्यांना आम्ही लाल चिंधी बांधतो, म्हणजे चाऱ्याला येणाऱ्या बायका तिथे विळा घालत नाहीत.

आग्याचं निराळं. ते सातमाळ्याच्या कड्यांवर, वडावर आणि आता गावातल्या पाण्याच्या टाकीवर. दिवसाढवळ्या मशाल लावून जाळणं हा मूर्खपणा आणि धोका दोन्ही. आग्या माश्या मोसमाप्रमाणे जागा बदलतात. दोन-तीन महिने थांबलं तर आपणहून जातात, आणि पुढच्या हंगामाला पुष्कळदा त्याच झाडावर परत येतात. तोवर खाली ढोल-ताशा, धूर, फटाके, दगड नको. रात्री पोळ्यावर टॉर्च मारू नका. चवताळल्याच तर हात झाडू नका, तोंड पदराने झाका आणि सरळ घरात किंवा गाडीत शिरून दार लावा. विहिरीत उडी मारू नका, त्या वर वाट बघतात. अंगावर खूप डंख बसले, श्वासाला त्रास झाला, तोंड सुजलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. शाळेच्या दारातच पोळं बसलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जाणकार माणसाकडून हलवून घ्यावं.

रात्रपाळी

हे थोडक्यात. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, घोसाळ्याचं पहाटे. दुधीही संध्याकाळचाच. त्यांच्याकडे रात्री पतंग येतात. भीमाशंकरच्या जंगलात तर अमावस्येच्या अंधारात उडणारा भुंगा आहे. घराच्या ओट्यावरचा मोठा दिवा रात्रभर जळत ठेवला की पतंग फुलाकडे न जाता दिव्याभोवती मरतात. आम्ही बटण बंद करायला लागलो, वीजबिलही उतरलं. प्रकाश सापळे लावत असाल तर संध्याकाळी दोन-तीन तासच लावा.

शेजारी

हे सगळ्यात अवघड, आणि इथे मी अजून पुरती जिंकलेली नाही. माझ्या रानात फवारा नाही, पण अण्णांचं द्राक्ष तीनशे फुटांवर. माशीला सातबारा कळत नाही. मी काय केलं, तर पापुद्रा फुटायला लागला की अण्णांकडे चहाला जाते आणि तारीख सांगते. "अण्णा, आजपासून तीन आठवडे माझा फुलोरा." ते फवारणी बंद करत नाहीत, द्राक्षाला परवडत नाही हे मलाही कळतं. पण संध्याकाळी करतात, वारा माझ्याकडे असेल तर थांबतात, आणि आदल्या दिवशी फोन करतात. बदल्यात त्यांना दरवर्षी दोन किलो उळं. कीटकनाशकाचे पंप धुतलेलं पाणी पाटात सोडायचं नाही, हेही त्यातच ठरलं.

मजुरांनाही सांगावं लागतं. फवारणीवाला वेळेचा असतो, त्याला सकाळीच मोकळं व्हायचं असतं. संध्याकाळच्या कामाचे जास्तीचे पैसे आधीच ठरवा, नाहीतर तुमच्या पाठीमागे तो दुपारीच उरकेल. माझ्या बाबतीत एकदा झालंय.

गेल्या हंगामात एकेचाळीस किलो निघालं. बारक्यांच्या खान्यात आता दहा मिनिटांत पंधरा-वीस आकडे येतात, भिरभिऱ्या मोजता मोजता चुकतात. आत्याबाईंना आता नीट दिसत नाही. फेब्रुवारीत त्यांना खुर्ची घेऊन डोंगळ्याच्या कडेला बसवते. त्या डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "आज आग्या आलीय."